प्रिंटच आहे ना? मग ओरिजिनल कुठंय ते दाखवा

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांकडे वास्तुशांतीला गेलो होतो. हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक काळं-पांढरं लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या ठोकळ्यावर कोरून छापलेलं चित्र, लावलेलं, चित्राखाली पेन्सिलनं चित्रकाराची सही आणि डाव्या कोपऱ्यात ७/३०. जेवणं झाल्यावर त्यांच्या एका काकांनी जवळ जाऊन ते वाचलं आणि विचारलं, "तीसातलं सातवं? म्हणजे कॉपीच की रे ही. कॉपीला एवढे पैसे मोजलेस?" घरमालक दुखावला, म्हणाला, "कॉपी नाही काका, लिमिटेड एडिशन आहे, जगात तीसच आहेत, नंतर तो ठोकळा रद्द करतात, म्हणून हे ओरिजिनलच धरतात." मग अर्धा तास तेच चाललं. एक म्हणतोय कॉपी आहे, दुसरा म्हणतोय थोड्याच आहेत म्हणून कॉपी नाही. चित्रात डोक्यावर विटांची पाटी घेतलेली एक बाई होती, तिच्याबद्दल दोघांपैकी कुणी एक शब्दही काढला नाही.

हा वाद मी प्रदर्शनांमध्ये ऐकलाय, फ्रेमवाल्याच्या दुकानात ऐकलाय, आर्ट कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेल्या पोरांच्या तोंडूनही ऐकलाय, आणि दरवेळी मला वाटतं की दोन्ही बाजू एकाच जागी चुकतायत. दोघंही धरून चालतात की चित्राची किंमत ते किती कमी आहे यावर ठरते. काकांच्या मते एकच असेल तर खरं, घरमालकाच्या मते तीस असले तरी चालतील पण एकतिसावं नको. माझं म्हणणं वेगळं आहे. छापचित्र नक्कल नसतं, आणि ते नक्कल नसण्याचा प्रती कमी असण्याशी काहीही संबंध नाही. अनेक असणं हा छापचित्राचा दोष नाहीच, कित्येक वेळा ते चित्र करण्याचं कारणच ते असतं. हे मी हवेत बोलत नाहीये, एलिझाबेथ कॅटलेट या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार-शिल्पकार बाईचं काम समोर ठेवून बोलतोय, कारण तिच्या आयुष्यात हा प्रश्न पुस्तकी राहिलेलाच नाही.

पण आधी ठोकळ्याचं बघू. शाळेत आपण सगळ्यांनी भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे काढलेत, लिनोकट तत्त्वतः तेच आहे. लिनोलियमचा तुकडा थोडा गरम केला की मऊ पडतो, मग कोरणी पुढं पुढं ढकलत जायची, दुसरा हात कधीही तिच्या वाटेत ठेवायचा नाही. जिथं कोरलं तिथं कागद पांढरा राहणार, जे शिल्लक ठेवलं तेवढंच छापणार. रोलरनं शाई फिरवताना चिकट चरचर असा आवाज येतो, तो आवाज बारीक झाला की शाई बरोबर बसली असं समजायचं. वर कागद ठेवून प्रेसमधून काढायचा, नाहीतर लाकडी चमच्याच्या पाठीनं घोटायचा, आणि मग एक कोपरा धरून हळूच सोलायचा. आता मला सांगा, यातलं ओरिजिनल कुठलं? ठोकळा? त्यावर तर सगळं उलटं आहे, डावीकडचं उजवीकडे, आणि तो शाईनं बरबटलेला आहे, तो भिंतीवर लावायला कुणी केलेलाच नाही. चित्र पहिल्यांदा जन्माला येतं ते कागद सोलताना, आणि तिसाव्यांदा सोलतानाही ते तसंच जन्माला येतं. ज्याची नक्कल करायची असा दुसरा कागद जगात कुठंही नसतो.

आपल्याकडे हा गोंधळ का झालाय तेही मला समजतं. आपल्या घरांमध्ये छापील चित्र आलं ते राजा रविवर्म्यांच्या प्रेसमधून. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो छापखाना, त्यातली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरात देवघराच्या वर लागली. पण तिथं आधी रंगवलेलं चित्र होतं आणि छपाई त्याच्यावरून होत होती, म्हणजे छापील लक्ष्मीच्या मागे कुठंतरी एक ओरिजिनल खरोखरच होतं. त्या रंगीत छापील चित्रांनी, म्हणजे ओलिओग्राफनी, किती मोठं काम केलं हा वेगळा विषय, पण आपल्या डोक्यात छापलेलं म्हणजे कशाची तरी प्रत हे समीकरण तिथून घट्ट बसलं आणि मग तेच आपण लिनोकटलाही लावतो, लाकडात कोरलेल्या वुडकटलाही लावतो आणि धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरलेल्या एचिंगलाही.

आता कॅटलेट. १९१५ मध्ये वॉशिंग्टन डीसीला जन्म, आजी-आजोबांच्या पिढीनं गुलामगिरी स्वतः भोगलेली. पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला ती निवडली गेली आणि ती कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर तिला नाकारलं गेलं. मग हॉवर्ड युनिव्हर्सिटी, मग आयोवा, तिथं चित्रकार ग्रँट वूड तिचे शिक्षक होते आणि त्यांनी तिला सांगितलं की जे तुला सगळ्यात जास्त माहितीये तेच कर. तिला माहिती होत्या त्या कृष्णवर्णीय बाया. १९४० मध्ये तिनं तिथून शिल्पकलेत एमएफए, म्हणजे मास्टर्सची पदवी, केलं, पण कॉलेजच्या होस्टेलमध्ये तिला राहायची परवानगी नव्हती. त्याच आयोवा युनिव्हर्सिटीनं २०१७ मध्ये सुरू झालेल्या एका नव्या होस्टेलला तिचं नाव दिलंय, तोवर तिला जाऊन पाच वर्षं झाली होती.

पुढं ती न्यू ऑर्लिन्सला डिलर्ड युनिव्हर्सिटीत शिकवायला लागली, आणि तिथली एक गोष्ट मला या सगळ्या वादाचं मूळ वाटते. शहरातल्या डेल्गाडो म्युझियममध्ये पिकासोचं प्रदर्शन आलं होतं. म्युझियम होतं सिटी पार्कमध्ये, आणि त्या पार्कमध्ये कृष्णवर्णीयांना पाय ठेवायला बंदी. कॅटलेटनं खटपट करून, म्युझियम इतरांना बंद असण्याच्या दिवशी, मुलांना बसमध्ये बसवून थेट दारापर्यंत नेलं, म्हणजे पार्कच्या जमिनीवर पाऊलच पडायला नको. त्यातल्या कितीतरी मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा म्युझियम पाहिलं. एकमेव ओरिजिनलची महती सांगणाऱ्या माणसानं या बसचा विचार करावा असं मला फार वाटतं. एकच चित्र, एकाच इमारतीत, आणि इमारत अशा बागेत की जिथं तुम्हाला चालता येत नाही. अशा चित्राचं एकमेव असणं त्या पोरांच्या कुठल्या उपयोगाचं होतं?

तिथून न्यूयॉर्क. तिथल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत कामकरी लोकांसाठी चालणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर स्कूलमध्ये ती काम करायची, तिथं शिवणकामसुद्धा शिकवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या बाया तिनं तिथं जवळून पाहिल्या. १९४५ मध्ये तिला रोझनवाल्ड फेलोशिप मिळाली, पुढच्या वर्षी ती वाढवून मिळाली आणि ती मेक्सिको सिटीला गेली, तायेर दे ग्राफिका पोपुलार या वर्कशॉपमध्ये. नावाचा अर्थच लोकांच्या छापचित्रांची कार्यशाळा. लेओपोल्दो मेंदेस आणि त्याच्या साथीदारांनी १९३७ मध्ये ती काढलेली, संपांची पोस्टरं, साक्षरतेच्या मोहिमांची पत्रकं, युनियनसाठी चित्रं, सगळं स्वस्त कागदावर, एकमेकांच्या कामावर सगळ्यांनी बसून टीका करायची पद्धत. त्यांचा मूळपुरुष छापचित्रकार होसे ग्वादालुपे पोसादा, ज्याच्या हसणाऱ्या सांगाड्यांचे कागद मेक्सिकोच्या रस्त्यांवर किरकोळ पैशांना विकले जायचे.

इथं १९४६-४७ मध्ये तिनं पंधरा लिनोकटांची मालिका केली, 'द निग्रो वुमन', बरीचशी चित्रं वहीच्या पानात मावतील एवढी लहान. निग्रो हा तेव्हाचा शब्द, पुढं तिनंच तो बदलून 'द ब्लॅक वुमन' केला. चित्रांची नावं एकापुढं एक वाचली की एक बाई सलग बोलतेय असं वाटतं: मी निग्रो बाई आहे, अमेरिकेत मी कायम कष्टच केलेत, शेतांमध्ये, दुसऱ्यांच्या घरांमध्ये. मध्ये गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन येते, बायकांच्या हक्कांसाठी लढलेली सोजर्नर ट्रुथ येते, गुलामगिरीत राहून कविता लिहिणारी फिलिस व्हीटली येते. मग सूर बदलतो, माझ्यासाठी खास राखीव जागा आहेत, खास घरं आहेत, आणि माझ्या माणसांसाठी एक खास भीती. या भीतीच्या चित्रात जमिनीवर एक माणूस पडलाय, गळ्यात दोर, आणि वरच्या कडेला फक्त पाय दिसतात. चेहरे नाहीतच. सगळ्यात शेवटचं चित्र समतेच्या भविष्यावरचा हक्क सांगणारं. तुम्हीच सांगा, या मालिकेची एकच प्रत काढून ती कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात टांगली असती तर ती बाई कुणाशी बोलली असती?

बरं, समोरच्या बाजूचे जे खरे मुद्दे आहेत ते मान्य करायला हवेत, कारण ते फालतू नाहीत. पहिला मुद्दा तंत्राचा. ड्रायपॉइंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडे काढतात, ओरखड्याच्या कडेला धातूची बारीक कूस उभी राहते आणि तिच्यात शाई अडकून ती मखमली रेघ येते. प्रेसच्या दाबाखाली ती कूस लवकर दबते. त्यामुळे सुरुवातीच्या प्रती खरंच जास्त चांगल्या असतात आणि संख्या कमी ठेवण्याला तिथं तांत्रिक अर्थ आहे. शंभर टक्के मान्य. पण मग हाच नियम लिनोला कसा लावता? नीट सांभाळलेला लिनोचा ठोकळा शेकड्यानं प्रती देतो. तिथं तीसवर थांबणं हा कोरणीचा किंवा शाईचा निर्णय नसतो, विक्रीचा असतो. आणि ही नंबर घालायची प्रथा तरी किती जुनी? सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांटनं त्याच्या एचिंगवर असले आकडे घातले नाहीत, त्याच्या पत्र्यांवरून तर तो गेल्यानंतरही लोक छापत राहिले. पेन्सिलची सही आणि मर्यादित संख्या हे सगळं मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, चित्रकार व्हिसलरच्या काळात रुळलं, फोटो आणि यांत्रिक छपाई स्वस्त झाल्यावर आपला माल वेगळा दाखवायची गरज पडली तेव्हा. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट १८३१ च्या सुमारास आली आणि हजारोंनी छापली गेली, साध्या माणसाला परवडेल अशा भावात. ती हजारोंनी छापली म्हणून तिच्यातलं पाणी कमी झालं का?

दुसरा मुद्दा पोटाचा, आणि हा मला जास्त टोचतो. चित्रकारानं खायचं काय? प्रती कमी ठेवल्या तर भाव येतो, भाव आला तर पुढचं काम करता येतं. आपल्याकडे छापचित्र करणाऱ्यांची अवस्था मी बघितलीये, प्रेसच्या भाड्याचे पैसे निघत नाहीत, त्यामुळे एडिशन पंचवीसची ठेवणाऱ्या कुणावरही मी बोट रोखणार नाही. कॅटलेटनंही नंतर सह्या केल्या, नंबर घातले. पण तिचं घर चालायला पगाराचाही आधार होता, मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात ती १९७५ पर्यंत शिल्पकला शिकवत होती. मी एवढंच म्हणतोय की संख्या मर्यादित ठेवणं ही जगण्यासाठी केलेली सोय आहे आणि सोयीला सोयच म्हणावं. तिला कलेचं लक्षण म्हटलं की मग उलटा अर्थ निघायला लागतो, की ज्यानं मुद्दाम भरपूर छापलं त्याची कला हलकी.

तिसरा मुद्दा सगळ्यात जड आहे. लोकांसाठी म्हणून केलेली ही चित्रं आज लोकांकडे आहेत कुठं? कॅटलेटची जुनी प्रिंट्स आज म्युझियममध्ये आणि लिलावात दिसतात, जिच्यासाठी केली त्या बाईच्या नातीला ती परवडणार नाहीत. मग ते स्वस्ताईचं तत्त्व हरलंच की, असं कुणी म्हणालं तर मला वाईट वाटतं कारण त्यात तथ्य आहे. तरी मी याचा दोष प्रतींवर टाकणार नाही. ज्या दुर्मिळतेच्या हिशोबाला माझा विरोध आहे त्याच हिशोबानं त्या कागदांना नंतर गाठलं. आणि गाठण्याआधी ते कागद कुठं कुठं जाऊन आले होते ते बघा.

कॅटलेटनं १९४७ मध्ये फ्रान्सिस्को मोरा या तिथल्याच चित्रकाराशी लग्न केलं आणि ती मेक्सिकोची झाली. तिच्या डाव्या मित्रमंडळींमुळे अमेरिकन दूतावासाची नजर तिच्यावर होती, रेल्वे कामगारांच्या संपाच्या काळात तिला अटकही झाली. १९६२ मध्ये तिनं मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं आणि अमेरिकेनं तिला 'नकोशी परदेशी व्यक्ती' ठरवून दारं बंद केली. आजारी आईला भेटायला जाता आलं नाही, आई गेली. १९७० मध्ये इलिनॉयमधल्या इव्हॅन्स्टनला कृष्णवर्णीय कलेवर परिषद होती, तिला व्हिसा मिळाला नाही म्हणून तिनं फोनवरून भाषण केलं. १९७१ मध्ये हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियममध्ये तिचं प्रदर्शन भरलं, तिथं येण्यापुरती खास परवानगी मिळवायला मित्रमंडळींना सरकारला पत्रांवर पत्रं पाठवावी लागली. या सगळ्या वर्षांमध्ये बाई सीमेच्या पलीकडे अडकलेली होती आणि तिची छापचित्रं अलीकडे, तिच्या स्वतःच्या माणसांत होती. त्या मालिकेचं प्रदर्शन तर १९४७ च्या शेवटीच वॉशिंग्टनच्या बार्नेट-एडन गॅलरीत झालेलं, तिच्या जन्मगावात. लाकडाचं किंवा दगडाचं शिल्प तिनं आयुष्यभर केलं आणि ते अप्रतिम केलं, पण शिल्पाला पेटी लागते, ट्रक लागतो, कस्टम लागतं. कागद गुंडाळला की निघाला.

प्रती जास्त असण्याचा आणखी एक उपयोग असतो, आणि त्यासाठी मेक्सिकोला जायची गरज नाही. चित्तप्रसाद, ज्यांनी पुढं कित्येक वर्षं मुंबईत अंधेरीला राहून बालमजुरांची ती जीव कापणारी लिनोकटं केली, त्यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर 'हंग्री बेंगॉल' ही चित्रांची पुस्तिका काढली होती. ब्रिटिशांनी तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. जवळजवळ सगळ्या. कुटुंबाकडे एक प्रत वाचली, आणि त्या एका प्रतीवरून आज आपण ते दुष्काळाचे सापळे बघू शकतो. एकच ओरिजिनल असतं आणि तेच पोलिसांच्या हाती लागलं असतं तर?

१९४६ च्या जुलैमध्ये, म्हणजे कॅटलेट मेक्सिकोत ठोकळे कोरत होती त्याच वर्षी, बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी युनोकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, अस्पृश्यांच्या वतीनं तसंच काही करायचा विचार होता, तर त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती पाठवता येतील का, असं त्यांनी विचारलं. दोन-तीन प्रती. ज्या गोष्टीला पोचायचं असतं तिच्याकडे माणूस प्रतीच मागतो. अर्ज आणि चित्र एकच नाही, हे मला कळतं. पण ती पंधरा चित्रं त्याच काळातली, त्याच लोकांची, आणि त्यांनाही पोचायचंच होतं.

इथं एक आक्षेप येणार आणि तो यायलाही हवा, की मग ही पोस्टरबाजी झाली, संदेश पोचला की चित्र संपलं. संदेशाच्या नादात चित्र ढिसाळ होतं हे खरंय, तायेरमधूनही ठरीव मुठी आणि ठरीव मशाली पुष्कळ निघाल्या. म्हणून 'शेअरक्रॉपर' जवळून बघा. १९५२ चा ठोकळा, चित्र साधारण दीड फुटाचं. शेअरक्रॉपर म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बटईनं शेती करणारी, जमीन मालकाची, बियाणं-अवजारं त्याच्याकडून उधारीवर, आणि पीक आलं की वाटा आणि कर्ज वळतं होऊन हातात काही उरत नाही. कॅटलेटनं तिला किंचित खालून पाहिलंय, पुतळ्याकडे बघतो तसं. रुंद काठाची गवती टोपी, तिची एकेक विणलेली काडी वेगळी कोरलेली, टोपीखालून डोकावणारे पांढरे केस, मानेच्या शिरा ताणलेल्या आणि त्या शिरांच्या रेघा चेहऱ्यावरच्या रेघांना जाऊन मिळालेल्या. डोळे आपल्याकडे नाहीत, बाजूला लांब कुठंतरी. आणि गळ्याशी जॅकेटला बटण नाही, तिथं एक सेफ्टी पिन. त्या पिनेचं बारीक वळण कोरणीनं काढताना हात जरा सटकला तर सगळा ठोकळा वाया, कारण लिनोवर खोडता येत नाही. गरिबीवर ज्यांना घोषणा द्यायच्या असतात त्यांना ही पिन दिसत नाही, जिनं स्वतः बायकांना शिवणकाम शिकवलंय तिलाच ती दिसते. याला पोस्टर म्हणायचं असेल तर म्हणा, माझी हरकत नाही.

माझ्या विरोधात वापरता येईल असा मुद्दा मीच सांगतो. प्रतींची संख्या महत्त्वाची नाही म्हणताय तर मग बाजारात तैलचित्राचा फोटो काढून भारी कागदावर इंकजेटनं छापतात, खाली ४५/२०० लिहून सही ठोकतात, त्याचं काय? तेही छापचित्रच ना? नाही. ते दोनशे ऐवजी पाचच काढले तरी नाही. कारण तिथं चित्र आधीच दुसरीकडे पूर्ण झालेलं आहे आणि हा त्याचा फोटो आहे, आणि तो फोटो म्हणून, कॅलेंडर म्हणून, पोस्टर म्हणून विकला तर त्यात काही पाप नाही. पाप त्या आकड्यात आहे, जो गिऱ्हाईकाला वाटायला लावतो की यातही कुणीतरी कोरलंय. उद्या कुणी कॉम्प्युटरवरच चित्र घडवून ते छापण्यासाठीच घडवलं तर मी त्याला आनंदानं छापचित्र म्हणेन, मग तो पाच काढो की पाच हजार. हे सगळं त्या संध्याकाळी काकांना नीट सांगायला हवं होतं, त्यांचा फसवणुकीचा संशय अगदी बरोबर होता, फक्त तो चुकीच्या चित्रावर आला.

'शेअरक्रॉपर' १९५२ वर थांबलं नाही, हेही सांगायचं राहिलं. कॅटलेटनं तो ठोकळा फोडला नाही. साठीच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुमाराला तिनं तो पुन्हा छापायला काढला, या वेळी रंगात, आणि निग्रो वुमनचे ठोकळेही तिनं १९८९ मध्ये पुन्हा शाईखाली घेतले, चाळीस वर्षांनी, नावं बदलून. शुद्धतावादी मंडळी अशा उशिराच्या प्रतींना नाक मुरडतात. पण बाई तीच, ठोकळा तोच, आणि मधल्या काळात हार्लेममध्ये आणि शिकागोत तिचं काम बघणारी एक अख्खी नवीन पिढी उभी राहिली होती, त्यांना काय सांगायचं होतं, की तुम्ही उशिरा जन्मलात? रंगीत प्रतीत जॅकेट हिरवं झालंय आणि १९५२ ला जो चेहरा नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघांचा होता तो आता तपकिरी आहे. पिन होती तिथंच आहे.